बाराव्या प्रश्नाचं उत्तर

रविवार, ८ जानेवारी १९९५. नेरूळ, चर्चसाठी मिळालेला मोकळा प्लॉट. सकाळी दहा वाजता.

हजर: आर्चबिशप इनास, आफ्रिकेतल्या एका देशात पोपचे राजदूत, सध्या सुट्टीवर. फादर रोमन, आमच्या धर्मग्रामाचे प्रमुख. परेरासाहेब, बांधकाम कमिटीचे अध्यक्ष. शिंदेभाऊ, आमचे शेजारी, टेम्पोसह. धर्मग्रामातली माणसं, मांडवाच्या दोन्ही बाजू भरून. आणि मी, कमिटीची सेक्रेटरी.

गैरहजर: रेजिनाबाय, आर्चबिशपांची थोरली बहीण. गुडघ्यांमुळे वसईहून येऊ शकली नाही.

ही नोंद माझ्या डायरीतून जशीच्या तशी उतरवली आहे. तिच्यात चूक नाही. माझ्या नोंदींत चूक नसते, हे नेरूळमध्ये कुणीही सांगेल. पण त्या दिवसाबद्दल आणि त्यानंतर आठ महिन्यांनी मी जे केलं त्याबद्दल मी आजवर कुणाशीही बोललेले नाही. नवऱ्याशी नाही. फादरांशी नाही — म्हणजे खऱ्या अर्थाने नाही. तुमच्याशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण आता हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला दुसरं काही नीट लिहिता येईना. किराण्याची यादीसुद्धा.

आधी त्यांच्याबद्दल सांगते. माणूस कोण होता ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

इनासदादा आमच्या वसईकडच्या गावचे. आमच्या घरापासून तिसरं घर. वडील दारूने गेले. चाळिशीच्या आत, विहिरीच्या काठावर सापडले. तेव्हा इनासदादा दहा वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांनी आईच्या पायाशी बसून शपथ घेतली की दारूचा थेंब ओठांना लावणार नाही. पुढे धर्मगुरू झाल्यावर मिस्सेतला, म्हणजे चर्चच्या उपासनेतला द्राक्षारस तेवढा, तोही पाणी मिसळून. ही शपथ गावात सगळ्यांना माहीत होती. मलाही. हे लक्षात ठेवा — मला माहीत होती.

धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून त्यांना रोमला पाठवलं. तिथे पोपच्या राजदूतांना तयार करणारी एक शाळा आहे. आपल्याकडची फार थोडी मुलं तिथपर्यंत पोहोचतात. मग पंचवीस वर्षं या देशातून त्या देशात. आधी सेक्रेटरी — म्हणजे माझंच काम, ते एकदा हसून म्हणाले होते — मग सल्लागार, मग राजदूत. राजदूत झाले की आर्चबिशपपद मिळतं, आणि त्या पदाला एक धर्मप्रांत जोडावाच लागतो. म्हणून त्यांना एक नावापुरता धर्मप्रांत दिला होता. समुद्रकिनाऱ्यावरचं एक जुनं शहर, हजार वर्षांपूर्वी वाळूत गेलेलं. तिथे ना माणूस, ना देऊळ, ना चर्च. "बेस्ट प्रांत आहे, सेसू," ते मला म्हणाले होते. "एकही तक्रारअर्ज येत नाही."

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. अध्यक्ष आणि बंडखोर एकमेकांचं तोंड पाहत नसत, तेव्हा यांनी दोघांची पत्रं पोहोचवायची. एकदा जंगलात धरून ठेवलेल्या चार सिस्टरांना सोडवायला हे स्वतः गेले, दोन दिवस एका झोपडीत बसून राहिले आणि चौघींना घेऊन परत आले. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हाला एका मिशनच्या मासिकातून कळलं.

आणि त्यांना घरी यायचं होतं. हीच एक गोष्ट त्यांना हवी होती. राजदूताला स्वतःच्या देशात नेमत नाहीत, तसा नियम आहे. पण भारतातल्या एखाद्या खऱ्या धर्मप्रांताचा बिशप म्हणून रोम त्यांना परत पाठवू शकत होतं. रेजिनाबायने मागच्या अंगणाकडची खोली त्यांच्यासाठी चुना लावून ठेवली होती. दर वर्षी ती खोलीला नव्याने चुना लावायची. गावातल्या बायका तिला चिडवायच्या, "रेजिनाबाय, नवरी आनतेस काय गो घरात?" ती म्हणायची, "माझा भाऊस येनार हाय. तुमाला काय?"

आता ८ जानेवारी.

फादर रोमन आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. चर्च नव्हतं, त्यामुळे फादरांचं घरही नव्हतं. मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. आर्चबिशप आदल्या दिवशी तिथेच उतरले होते. सकाळी सात वाजता आमची बेल वाजली. माझे यजमान पहिल्या पाळीला गेले होते. दारात आर्चबिशप, अंगावर शाल, दात वाजत होते.

"सेसू, गरम पाणी आहे का? खाली गीझर बिघडलाय."

गीझर बिघडलेला नव्हता. मी त्यांना आत बसवलं, थर्मामीटर लावला. १०२.४. वेळ ७.१०. हेसुद्धा मी डायरीत लिहिलं आहे, कारण मी सगळंच लिहिते. त्यांनी खिशातून गोळ्या काढल्या. मलेरिया — तिकडचा, वारंवार उलटणारा. त्या गोळ्यांनी कान वाजतात, हात थरथरतात, चालताना जमीन हलते असं ते म्हणाले. मी म्हटलं, कार्यक्रम पुढे ढकलू. ते म्हणाले, "नको. मांडव घातलाय. माणसं आली. आणि कुणाला सांगू नकोस." मी विचारलं, का? ते म्हणाले, "सध्या माझं नाव रोमला टेबलावर आहे. आजारी राजदूताला प्रांत देत नाहीत गं. रोमला एक छान घर आहे, म्हाताऱ्या राजदूतांसाठी. तिथे कॉरिडॉरमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात."

मग चहा घेता घेता — म्हणजे चहाचा कप दोन्ही हातांनी धरून — त्यांनी मला ते कसं चालतं ते सांगितलं. कुणाला बिशप करायचं असलं की राजदूत गुपचूप प्रश्नावल्या पाठवतो. काही धर्मगुरूंना, काही सिस्टरांना, काही साध्या माणसांना. त्यांनी उत्तरं लिहायची. कुणी लिहिलं ते कुणालाच कळत नाही. "मीही पाठवतो तिकडे," ते म्हणाले. "ढीगभर चांगलं लिहिलेलं असतं. आणि एका कागदावर एक ओळ वेगळी असते. तेवढी ओळ वाचून मी नावं खोडली आहेत, सेसू. बरोबर केलं की चूक, ते अजून माहीत नाही."

म्हणजे एका ओळीने काय होतं ते मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. त्यांनीच सांगितलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात.

दहाचा कार्यक्रम साडेदहाला सुरू झाला. कोनशिलेवर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली. मग ते माईकपाशी आले. आभाराची यादी मी टाइप केली होती. सगळी नावं क्रमाने. एक सोडून — माझं. सेक्रेटरीने स्वतःचं नाव आभारात घालायचं नसतं. वाचणारा ते आपणहून घालतो, अशी आमच्याकडे रीत आहे. प्लॉटसाठी सरकारी कार्यालयात चौदा वेळा गेले होते ती मी. नकाशावरची हद्द चुकली आहे हे पकडलं होतं ते मी. परेरासाहेब एकदा आले होते, फोटोला.

आर्चबिशपांनी यादी वाचली. जशी लिहिली होती तशी. "हा प्लॉट ज्यांच्या प्रयत्नांनी मिळाला ते परेरासाहेब" — हेसुद्धा मीच लिहिलं होतं, सौजन्य म्हणून. टाळ्या वाजल्या. परेरासाहेब उठून वाकले. यादी संपली. त्यांनी कागदाची घडी घातली.

मी पहिल्या रांगेत बसले होते. हसत.

मग प्रवचन सुरू झालं आणि त्यांची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत अडकू लागले. एका हाताने ते माईकचा दांडा धरून होते, दुसऱ्या हातात लिंबू सरबताचा स्टीलचा पेला — मीच दिलेला. एका वाक्यापाशी ते थांबले, डोळे मिटले आणि एकदम बाजूला झुकले. पेला खाली पडला, खणखणत गेला. फादर रोमनने सावरलं. खुर्चीत बसवलं. मांडवात कुजबूज सुरू झाली.

मागे भटारखान्यात शिंदेभाऊ पुऱ्यांची टोपली उतरवत होते. माणूस साताऱ्याचा, मार्केटमध्ये हमालांचा मुकादम, मनाने एकदम स्वच्छ. त्यांनी सहज विचारलं, "वैनी, सायबांनी सकाळ-सकाळीच लावलीया काय?"

परेरासाहेब हसले. "अरे शिंदे, ते रोमवाले लोक आहेत. वाईन म्हणजे पाणी त्यांना. तू टेन्शन नको घेऊस, पुऱ्या मोज."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी तिथे काय म्हणाले?

मी म्हणाले, "पत्रावळी कमी पडतील. आणखी मागवा."

एवढंच. तुम्ही म्हणाल, शब्द दिला होता ना, आजारपण सांगायचं नाही म्हणून? हो, दिला होता. पण "ते दारू पीत नाहीत, त्यांनी शपथ घेतलेली आहे" एवढं सांगायला कुठला शब्द मोडत होता? कुठलाच नाही. मी ते सांगितलं नाही, कारण माझ्या कानात अजून टाळ्या वाजत होत्या. परेरासाहेबांसाठी वाजलेल्या.

फेब्रुवारीत त्यांचं पत्र आलं. परदेशी तिकीट, ओळखीचं तिरपं अक्षर. लिहिलं होतं, "सेसू, त्या दिवशी तुझं नाव घ्यायचं राहिलं. कागदावरची अक्षरं हलत होती, जे होतं ते कसंबसं वाचलं. प्लॉट कुणामुळे मिळाला ते फादर रोमनने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. क्षमा कर." मी ते पत्र वाचलं, तारीख घातली, 'आलेली पत्रं' या फाइलीत लावलं.

म्हणजे पुढे जे झालं ते अपमानाच्या रागात झालं असंही मला म्हणता येत नाही. क्षमा मागून झाली होती. मी ती फाइलीत लावली होती.

सप्टेंबरात एक रजिस्टर्ड पाकीट आलं. दिल्लीहून. पाकिटाच्या आत दुसरं पाकीट, त्यावर लाखेचा शिक्का. आत पत्र आणि प्रश्नावली. पोपच्या वकिलातीतून. आर्चबिशप इनास यांना भारतातल्या एका धर्मप्रांतासाठी विचारात घेतलं जात आहे. आपण त्यांना ओळखता. आपलं प्रामाणिक मत हवं. स्वतःच्या हाताने लिहावं. प्रत ठेवू नये. हे पत्र उत्तरासोबत परत पाठवावं. याबद्दल कुणाशीही, कधीही, खुद्द उमेदवाराशीही बोलू नये. बोलल्यास ते गंभीर पाप होईल.

हे मी तुम्हाला सांगते आहे, हेसुद्धा त्यात आलंच. असो. माझ्या खात्यावरचं मोठं पाप ते नाही.

माझं नाव त्यांना कुणी दिलं ते मला कळलं नाही. बहुधा फादर रोमनने. मला फक्त एवढं आठवतं की पाकीट हातात धरून मी आरशासमोर उभी राहिले होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सभांची इतिवृत्तं लिहिली. अमुकने मांडलं, तमुकने अनुमोदन दिलं. "तुम्हाला काय वाटतं, सेसिलबाई?" असं एकदाही कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत होते — दिल्लीतले पोपचे राजदूत.

दुपार होती. कुकर लावला होता. जेवणाच्या टेबलावर मी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर प्रश्नावली ठेवली आणि आधी डायरीत पेन्सिलने कच्ची उत्तरं लिहायला घेतली. प्रत ठेवू नये असं लिहिलं होतं, तरी मी ठेवली. ती माझी सवय आहे, अवज्ञा नाही — असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

पहिले दहा प्रश्न सोपे होते. श्रद्धा, प्रार्थना, स्वभाव, गरिबांशी वागणं, भाषा. सगळं चांगलं लिहिलं. चांगलं लिहिता लिहिता मला वाटायला लागलं की हे फारच चांगलं होतं आहे. दिल्लीत वाचणारा म्हणेल, गावचीच बाई, आपल्या माणसाची भलामण करते. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. माझ्याकडे अचूक माहिती असते हे त्यांना दाखवायचं होतं.

अकरावा प्रश्न. उमेदवाराच्या मद्यपानाविषयी काही माहिती आहे काय?

मी लिहिलं, आणि ते डायरीत आजही आहे: "दि. ८ जानेवारी १९९५ रोजी एका जाहीर कार्यक्रमात त्यांचा तोल गेला व बोलणे अडखळले. उपस्थितांपैकी काहींनी त्याचा संबंध मद्यपानाशी जोडला. मी स्वतः त्यांना मद्य घेताना पाहिलेले नाही."

वाचा पुन्हा. एक शब्द खोटा नाही. तारीखसुद्धा बरोबर. हे उत्तर लिहून झाल्यावर मला चक्क समाधान वाटलं. इतिवृत्त लिहिल्यावर वाटतं तसं.

त्यानंतर बारावा प्रश्न. हा प्रश्न आहे हे मला माहीत होतं — मी सगळे आधी वाचले होते. उमेदवाराच्या प्रकृतीविषयी आपल्याला काय माहिती आहे?

कुकरची तिसरी शिटी झाली. मी उठले, गॅस बंद केला, परत येऊन बसले. त्या वेळी माझ्या समोर डायरीचे दोन भाग होते. उजवीकडे सप्टेंबरचं पान. डावीकडे, बोट घालून ठेवलेलं, जानेवारीचं. तारीख तपासायला मी ते उघडलं होतं. तिथे माझ्याच अक्षरात होतं: ७.१०, १०२.४, मलेरिया, गोळ्यांनी तोल जातो.

बाराव्या प्रश्नापुढे मी लिहिलं: "चांगली. विशेष माहिती नाही."

हीच ती ओळ. इतकी पानं मी तिच्याभोवती फिरते आहे. अकराव्याचं उत्तर खरं होतं आणि बाराव्याचं खोटं, आणि त्या खोट्यामुळे अकराव्यातलं खरं त्यांच्या गळ्याभोवती आवळलं गेलं. मला दिलेला शब्द पाळायचा होता का? मग अकराव्यात ती तारीख कशाला लिहिली? आजार लपवायचाच, तर आजाराने पडलेला माणूस तरी कशाला दाखवायचा? या प्रश्नाचं एकच उत्तर आहे आणि ते मला त्या दुपारीही माहीत होतं. मला एकदा, एकदाच, कुणाचं तरी नाव खोडता येतं का ते बघायचं होतं.

पाकीट बंद केलं. पोस्टात गेले. पावती जपून ठेवली.

पुढचं भराभर सांगते. वर्ष गेलं, काही झालं नाही. मग बातमी आली की तो धर्मप्रांत दुसऱ्या कुणाला दिला. आर्चबिशपांची बदली झाली — आणखी दक्षिणेला, आणखी वाईट ठिकाणी, जिथे लढाई पेटलेली होती. फादर रोमनकडे एक जुने धर्मगुरू चहाला आले होते. मी कमिटीचा हिशेब द्यायला खाली गेले होते, ते बोलत होते. त्यांना सगळ्या आतल्या गोष्टी ठाऊक असत. म्हणाले, "इनासचं जवळजवळ ठरलं होतं. पंधरा-सोळा कागद उत्तम होते म्हणे. एकावर अडलं. पिण्याचं."

फादर रोमन म्हणाले, "इनास? पिणं? शक्य नाही."

"कुणीतरी तारखेसकट लिहिलं होतं, फादर. तारखेसकट लिहिलेलं कोण नाकारणार?"

मी हिशेबाचे कागद टेबलावर ठेवले आणि वर आले. जिना चढताना पायऱ्या मोजल्या. तेव्हाही मी मोजतच होते.

म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलं असेल, अनेक कारणं असतील, रोमचं काय सांगावं — हा आधारही गेला.

१९९७च्या पावसाळ्यात ते तिकडेच गेले. मलेरिया डोक्यात चढला. औषध मिळेपर्यंत उशीर झाला, ताप त्यांनी पाच दिवस अंगावर काढला होता, असं कळलं. का काढला असेल? बदलीची वाट बघत असतील अजून? मला माहीत नाही. विमानतळ बंद होता. शवपेटी इकडे आणता आली नाही. तिथल्याच चर्चच्या आवारात पुरलं. आमचं चर्च तोवर उभं राहिलं होतं. तिथे त्यांच्यासाठी मिस्सा झाली. कोनशिलेवर त्यांचं नाव आहे, खाली परेरासाहेबांचं. मिस्सेची तयारी मी केली. फुलं, माईक, नाश्ता. बाहेर पायऱ्यांवर दोन बायका बोलत होत्या, "चांगला होता गं, पण घ्यायचा म्हणतात. त्या दिवशी नाही का पडला?" मी मेणबत्त्यांचा खोका घेऊन त्यांच्या शेजारून गेले.

या वेळी रेजिनाबाय आली होती. दोन माणसांनी धरून आणलं. मिस्सेनंतर मला तिने हाताने खूण करून जवळ बोलावलं, बाकावर शेजारी बसवलं. माझा हात धरला. तिचा हात नेहमीसारखा खरखरीत, चुन्याने फाटलेला.

"सेसू, तुला इचारते. लोकं बोलतात तो पीत होता. म्हनून त्याला घरी आनला नाय. आमच्या बापासारका. आयच्या पायाशी बसून बोलला होता गो तो. मी होते तिथं. तू त्या दिवशी होतीस ना मांडवात? खरं काय हाय?"

मी तिच्या गावची. तिने मला लहानपणी नारळाच्या वड्या दिलेल्या. ती माझ्याकडे पाहत होती, कारण तिला खात्री होती — सेसू सगळं लिहून ठेवते, सेसूला माहीत असणार.

मी म्हणाले, "मला नाही माहीत, बाय. मी मागे भटारखान्यात होते."

पहिल्या रांगेत होते मी. त्यांच्यापासून दोन हातांवर.

तिने हात सोडला नाही. मग म्हणाली, "जाऊ दे. देव बगून घेल." आणि काठी शोधायला लागली.

त्या वर्षापासून तिने मागच्या खोलीला चुना लावणं बंद केलं. आईने मला फोनवर सांगितलं. इनासदादांचा आर्चबिशपाच्या पोशाखातला फोटो दर्शनी खोलीत होता, तो आता आतल्या कपाटात आहे. नातवंडं विचारतात, म्हणून. नवऱ्याकडून नाही, पण बापाकडून दारूची लाज तिने आयुष्यभर वाहिली होती. भावाने ती लाज पुसली होती. ती लाज मी परत तिच्या घरात नेऊन ठेवली.

पापनिवेदनाला मी जाते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. जाळीपाशी गुडघे टेकून मी याबद्दल एकदा म्हणाले आहे: "एका व्यक्तीविषयी बोलताना परप्रेमात कमी पडले." फादरांनी तीन प्रार्थना सांगितल्या. मी त्या म्हटल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीचं इतकं छोटं शीर्षक माझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

एकदा एक युक्तीही सुचली होती. डायरीतलं फक्त ८ जानेवारीचं पान झेरॉक्स करायचं आणि रेजिनाबायकडे पाठवायचं. १०२.४, मलेरिया, गोळ्या. भावाचं नाव स्वच्छ होईल आणि सप्टेंबरचं पान कुणी बघणार नाही. सीवूड्सला झेरॉक्सवाल्याकडे गेलेही होते. त्याने विचारलं, "मॅडम, एकच पान? की पूर्ण?" मी म्हटलं, राहू दे. तेवढं पान मिळालं तरी ती पहिला प्रश्न हाच विचारेल, तेव्हा का नाय बोललीस? आणि त्याचं उत्तर दुसऱ्या पानावर आहे.

वसईला मी जाते. आईकडे, तीन-चार महिन्यांनी एकदा. रेजिनाबायचं घर वाटेवरच आहे. मी विहिरीच्या मागच्या बाजूने वळसा घालून जाते. सात मिनिटं जास्त लागतात.

ती आता बहात्तर वर्षांची आहे. दिसणं कमी झालं आहे. म्हणजे डायरी दाखवून भागणार नाही, वाचून दाखवावी लागेल. माझ्या तोंडाने. दोन्ही पानं.

आज ३१ डिसेंबर १९९९. दर वर्षी या दिवशी मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवते. आत्ताच उतरवली:

१. गॅसचा दुसरा सिलिंडर नोंदवणे.
२. चर्चच्या गच्चीची गळती — कंत्राटदाराला पत्र.
३. यजमानांचा चष्मा.
४. वसई. रेजिनाबाय. १९९५ची डायरी वाचून दाखवणे.

चौथं काम अठ्ठ्याण्णवच्या डायरीतही चौथंच होतं.